एका मंडळीचे दोन पाळक

एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, अशी आपल्याकडे म्हण आहे. आणि पांचांमुखीं परमेश्वर, अशीही आपल्याकडेच म्हण आहे. दोन्ही म्हणी कित्येकदां एकाच तोंडून ऐकूं येतात आणि दोहोंनाही माना डोलावणारे श्रोते मिळतात. पेढीवर, नाटकमंडळींत, नगरपालिकेंत किंवा एकत्र कुटुंबांत यांपैकीं कोणती म्हण खरी ठरते, याचा अनुभव ज्याचा त्याला असेलच. प्रस्तुत भाषणाचा विषय मात्र इंग्लंडच्या पश्चिमेकडील ब्रिस्टल या बंदराच्या शहरांतील एक ख्रिस्ती मंडळी हा आहे. या मंडळीनें १८३२ पासून १८६६ पर्यंत दोन पाळकांना एका आसनावर बसविलें. तें कसें साधलें, आणि सोळा वर्षांनीं जी कसोटीची वेळ आली तींत त्या व्यवस्थेचें काय झालें, हें पाहावयाचें आहे.

श्रोतेहो, ‘मंडळी’ हा शब्द ख्रिस्ती लोक इमारतीस लावीत नाहींत. एके ठिकाणीं उपासनेसाठीं जमणाऱ्या माणसांच्या समुदायास लावतात. बाहेरच्या माणसाला या समुदायांत दिसतो तो एकटा पाद्री. लग्न तो लावतो, प्रेतावर माती तो टाकवितो, उपदेश तोच करतो, आणि सरकारदरबारीं मंडळीच्या नांवानें सहीही त्याचीच असते. परंतु या धर्माचा मूळ ग्रंथ उघडला तर चित्र निराळें दिसतें. पौलानें आणि त्याच्या सोबत्यानें आशिया मायनरमधील ज्या गांवीं मंडळ्या स्थापिल्या तेथें प्रत्येक मंडळींत त्यांनीं वडील नेमले, आणि तो शब्द अनेकवचनी आहे. इफिस शहरच्या मंडळीचा निरोप घ्यावयाचा झाला तेव्हां त्यानें बोलावून घेतलें तें एका अधिकाऱ्याला नव्हे, तर तेथल्या वडिलांना. फिलिप्पै येथील मंडळीस त्यानें पत्र लिहिलें, त्याच्या आरंभींच्या नमस्कारांत मराठी बायबलांत जे ‘अध्यक्ष व सेवक’ म्हटले आहेत तेही एकाहून अधिक. पुढें दुसऱ्या शतकाच्या आरंभीं अंत्युखियाच्या इग्नेशियसनें एका मंडळीस एक बिशप असावा असा आग्रह आपल्या पत्रांतून धरला, आणि हळूहळू तीच वहिवाट पडली. सोळाव्या शतकांत कॅल्व्हिननें जिनीव्हा येथें पाळकांच्या जोडीस वडिलांची सभा बसविली. स्कॉटलंडनें ती उचलली. इंग्लंडांतील लहानसहान स्वतंत्र प्रार्थनामंदिरांत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सामान्यतः एकच पाळक असे, त्याला ठरीव पगार असे, आणि तो पगार बाकांच्या भाड्यांतून निघत असे.

बाकांचें भाडें ही गोष्ट आपल्या श्रोत्यांस थोडी नवलाची वाटेल. नाटकगृहांत पुढची खुर्ची अधिक पैशाची आणि मागची कमी पैशाची, तसाच प्रकार देवाच्या घरीं चाले. ज्याची ऐपत त्याला व्यासपीठाजवळची, पाठीला टेकण असलेली जागा. गरिबानें मागें किंवा कडेला बसावें. ज्या धर्मग्रंथांत सोन्याची अंगठी घालून आलेल्यास पुढें बसविण्याबद्दल स्पष्ट निषेध केलेला आहे, तोच ग्रंथ त्या पुढच्या बाकांवर बसून मोठ्या भक्तीनें वाचला जाई.

या वहिवाटींत ज्या दोघांनीं खंड पाडला ते दोघेही १८०५ सालीं जन्मलेले. जॉर्ज म्यूलर हा प्रशियांतला. त्याच्या तरुणपणाची कथा फारशी सोवळी नाहीं. खाणावळीचे पैसे बुडविल्याबद्दल सोळाव्या वर्षीं त्यानें तुरुंगाचीही हवा खाल्लेली होती. हाले येथील विद्यापीठांत शिकत असतां त्याचें मन पालटलें आणि १८२९ सालीं तो ज्यू लोकांत धर्मप्रचार करणाऱ्या एका संस्थेच्या वतीनें काम करण्यासाठीं लंडनला आला. हेन्री क्रेक हा स्कॉटलंडचा. सेंट अँड्रूज येथें शिकलेला, हिब्रू भाषेचा व्यासंगी, आणि पोटासाठीं घरगुती शिक्षकाची नोकरी करणारा. म्यूलर प्रकृतीसाठीं डेव्हन परगण्यांतील टिनमथ या समुद्रकांठच्या गांवीं गेला असतां दोघांची गांठ पडली. थोड्याच काळानें टिनमथच्या लहानशा मंडळीचा म्यूलर पाळक झाला आणि नदीपलीकडील शाल्डन येथील मंडळीचा क्रेक. म्हणजे आरंभीं दोन तलवारी होत्या आणि म्यानेंही दोन होतीं.

टिनमथला म्यूलरला वर्षास पंचावन्न पौंड मिळत. १८३० सालच्या ऑक्टोबरांत त्यानें ते नाकारले. त्याचें म्हणणें असें कीं, बाकांच्या भाड्यांतून आलेल्या पैशावर पाळकानें जगणें म्हणजे गरीब-श्रीमंतांचा भेद देवळांत कायम करणें होय. शिवाय तिमाहीच्या ठराविक दिवशीं पैसे भरणें हातावर पोट असलेल्या माणसाला जड जातें, आणि कित्येकदां तो आनंदानें न देतां लाजेनें देतो. त्यानें प्रार्थनामंदिरांत एक पेटी ठेवविली. ज्याला जें द्यावयाचें असेल तें त्यानें तींत टाकावें. कोणीं किती टाकलें हें कोणालाही कळूं नये. पुष्कळ लोकांनीं या कृत्यांत केवळ त्याचा त्याग आणि श्रद्धा पाहिली. त्यांत दुसरीही एक गोष्ट होती, ती पुढें ब्रिस्टल येथें उपयोगास आली. जेथें ठरीव पगार आहे तेथें ठरीव जागा आहे. जेथें ठरीव जागा आहे तेथें ती एकाचीच असते, आणि दुसरा कोणी आला तर तो एकतर उमेदवार ठरतो किंवा प्रतिस्पर्धी. पगार गेला, तेव्हां जागेच्या चारी बाजूंचें कुंपणही गेलें.

१८३२ च्या वसंतऋतूंत एका स्नेह्याच्या बोलावण्यावरून क्रेक ब्रिस्टलला उपदेशासाठीं गेला, आणि त्यानें म्यूलरला मागून बोलावून घेतलें. दोघांचीं व्याख्यानें लोकांना आवडलीं. गिडियन नांवाच्या प्रार्थनामंदिराच्या लोकांनीं दोघांनाही राहण्याचा आग्रह केला. दोघांनीं अटी घातल्या: बाकांचें भाडें बंद झालें पाहिजे, आपण नियमांनीं बांधलेले पाळक म्हणून येणार नाहीं, चरितार्थाची व्यवस्था डेव्हनमधल्याप्रमाणेंच राहील. अटी मान्य झाल्या. पाळकानें पगार कमी मिळतो म्हणून घासाघीस केल्याचीं उदाहरणें सर्वत्र आहेत. पगार नको म्हणून घासाघीस झाल्याचें हें उदाहरण विरळाच म्हटलें पाहिजे. लौकरच शहरांतील बेथेस्दा नांवाचें दुसरें एक रिकामें प्रार्थनामंदिर भाड्यानें घेण्यांत आलें. त्या वर्षीं ब्रिस्टलमध्यें पटकीची सांथ होती. घरोघर मरणें होत होतीं, आणि हे दोघे नवखे पाळक आजाऱ्यांच्या बिछान्यांपाशीं जात होते. अशा दिवसांत, १३ ऑगस्ट १८३२ रोजीं, बेथेस्दा येथें सात माणसांची एक मंडळी बनली. म्यूलर, क्रेक, आणखी एक पुरुष आणि चार स्त्रिया. नियमावली कांहींही केली नाहीं. धर्मग्रंथांतून जसजसा उजेड पडेल तसतसें वागावयाचें, एवढेंच ठरलें.

आतां दोन तलवारी एका म्यानांत आल्या. म्यूलर हा कर्तबगार, हिशेबी, एकदां ठरविलें कीं न डगमगणारा. बोलण्यांत परदेशी उच्चारांची छटा असलेला. क्रेक हा विद्वान, नाजूक प्रकृतीचा, शब्दाच्या धात्वर्थांत रमणारा. लोक दोघांची तुलना करणार हें ठरलेलेंच होतें, आणि आरंभींच्या वर्षांत ती तुलना म्यूलरच्या पक्षाला अनुकूल नव्हती. क्रेकच्या उपदेशानें माणसें पालटत, म्यूलरच्यानें तितकीं पालटत नसत. असला फरक दोन गवयांत, दोन वकिलांत, दोन सुनांत पडला म्हणजे काय होतें हें सांगावयास नको. म्यूलरनें ही गोष्ट स्वतःच्या रोजनिशींत लिहिली, आणि पुढें छापूनही काढली. क्रेकला अधिक यश कां येतें याचीं कारणें त्यानें मोजून मांडलीं: क्रेकची वृत्ति आपल्यापेक्षां अधिक अंतर्मुख आहे, पापी माणसांच्या पालटासाठीं तो अधिक कळकळीनें प्रार्थना करतो, आणि उपदेश करतांना तो अशा माणसांना उद्देशून अधिक वेळां व अधिक सरळ बोलतो. इतकें लिहून म्यूलर थांबला नाहीं. पुढल्या दोन गोष्टी आपणही करावयास लागलें पाहिजे असें ठरवून त्यानें त्या केल्या.

ही नोंद वरवर किरकोळ दिसते, परंतु या सर्व इतिहासांत तिचें मोल मोठें आहे. सोबत्याचा मोठेपणा कबूल करणारीं माणसें पुष्कळ असतात. पण त्या कबुलींत बहुधा एक पळवाट ठेवलेली असते. त्याला देणगीच तशी, त्याचें नशीबच तसें, असें म्हटलें म्हणजे आपणांस कांहीं करावयाचें उरत नाहीं. म्यूलरनें देणगीचें नांव न घेतां सवयींचें नांव घेतलें, आणि सवय शिकतां येते. पुढें काळाचा रोख बदलला. १८३४ सालीं दोघांनीं मिळून धर्मज्ञानप्रसारासाठीं एक संस्था काढली. १८३६ सालीं म्यूलरनें पोरक्या मुलांसाठीं पहिलें घर उघडलें. तें काम वाढत वाढत त्याचें नांव जगभर गेलें. क्रेक मात्र आपल्या हिब्रू ग्रंथांत आणि आपल्या मंडळींतच राहिला. ज्याच्या उपदेशाला पूर्वीं गर्दी अधिक, त्याला आतां कोणी मोठेंसें ओळखीना. या उलट्या परीक्षेंत क्रेक उतरला. या दोघांत फूट पडली असें मात्र मित्रांच्या किंवा शत्रूंच्या लेखांतून दिसत नाहीं. आणि शत्रूंनीं तर पुढें पुष्कळ लिहिलें.

पेटीची गोष्ट येथें पुरी केली पाहिजे. ब्रिस्टललाही पेट्या ठेवल्या होत्या आणि त्यांवर या दोघांचीं नांवें होतीं. जसजशी मंडळी वाढली, तसतसे मंडळींतले दुसरेही कित्येक जण शिकविण्याचें, आजाऱ्यांना भेटण्याचें, घरोघर जाण्याचें काम करूं लागले. त्यांपैकीं कोणाचें नांव पेटीवर नव्हतें. १८४१ सालीं म्यूलर आणि क्रेक यांच्या मनांत आलें कीं, पेटीवरील नांवांमुळें आपण इतर बंधूंच्या वर बसलों आहों असा भास होतो. जें स्थान सेवेनें मिळावयाचें तें लाकडावर रंगवून घेतल्यासारखें होतें. त्यांनीं पेट्या काढून टाकविल्या. ज्याला द्यावयाचें असेल त्याला वाट सांपडेल, असें म्हणून त्यांनीं तो विषय संपविला. नेतृत्वाची वांटणी म्हणजे ठराव, घटना आणि मतदान असें आपणांस वाटतें. येथें ती एक रंगविलेलें नांव खरवडून काढण्यांतून झाली.

तथापि केवळ सौजन्यावर मंडळी चालत नाहीं. निर्णय कोणीं करावयाचे हा प्रश्न येतोच. १८३७ सालीं तो आला. बेथेस्दाच्या मंडळींत आरंभापासून प्रौढपणीं बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच प्रवेश होता. ज्यांची श्रद्धा निःसंशय होती पण ज्यांना हा बाप्तिस्मा आवश्यक वाटत नव्हता, अशा कांहीं स्त्रियांनीं प्रवेश मागितला. दोघां पाळकांनीं स्वतःच्या मताला चिकटून न राहतां बार्नस्टेपलच्या रॉबर्ट चॅपमन नांवाच्या स्नेह्याचाही सल्ला विचारांत घेतला आणि अखेर दार उघडलें. थोडे लोक रुसून गेले. पुढें १८३९ च्या आरंभीं दोघेही ब्रिस्टल सोडून पंधरा दिवस एकीकडे जाऊन राहिले. हातीं फक्त धर्मग्रंथ. आणि प्रश्न असे: मंडळींत वडील असावेत कीं नाहीं? ते कसे ठरावेत? त्यांचा अधिकार किती? आणि कोणी सभासद वाईट चालीचा निघाला तर त्याचा निकाल वडिलांनीं बंद दाराआड करावा, कीं सर्वांसमक्ष?

पंधरा दिवसांनीं जीं उत्तरें आलीं तीं थोडक्यांत अशीं. वडील असावेत, आणि एकाहून अधिक असावेत. त्यांना मतांनीं निवडावयाचें नाहीं, वरून कोणा बिशपानें नेमावयाचेंही नाहीं. ज्यांच्या ठायीं अंतरींची प्रेरणा, अंगचे गुण आणि कामाला आलेलें फळ हीं तिन्ही दिसतील त्यांना मंडळीनें वडील म्हणून ओळखावयाचें. आणि शिस्तीचा शेवटचा निकाल वडिलांनीं खाजगींत न देतां सर्व मंडळीसमोर, सर्व मंडळीचें कृत्य म्हणून व्हावयाचा. या शेवटल्या उत्तरांत खरी मेख आहे. दोघांनीं किंवा दहांनीं अधिकार आपसांत वांटून घेणें तितकें अवघड नसतें. जमीनदारही आपसांत गांव वांटून घेतात. ज्यांच्यावर अधिकार चालवावयाचा त्यांनाच शेवटच्या शब्दांत वांटेकरी करणें, हें अवघड. कागदावर हें उत्तर १८३९ सालीं लिहिलें गेलें. त्याची हुंडी वटविण्याचा प्रसंग नऊ वर्षांनीं आला.

प्लिमथ येथें याच पंथाची एक मोठी मंडळी होती. तिचा प्रमुख बेंजामिन न्यूटन. तेथेंही तत्त्व सामुदायिक नेतृत्वाचें; पण प्रत्यक्षांत उपदेश कोणीं करावा आणि कोणीं थांबावें हें न्यूटन ठरवीत असे. या पंथांतला दुसरा मोठा पुरुष जॉन नेल्सन डार्बी. हा पूर्वीं आयर्लंडच्या राजमान्य चर्चचा पाद्री होता. त्याचें मत असें कीं, प्रेषितांच्या पश्चात् वडील नेमण्याचा हक्क कोणाकडेच उरलेला नाहीं. मंडळीनें जमावें आणि ज्याला आत्म्याची प्रेरणा होईल त्यानें बोलावें. दोघांचें बिनसलें. १८४५ सालीं डार्बीनें प्लिमथ येथें वेगळी उपासना सुरू केली. दोन वर्षांनीं न्यूटनचें एक जुनें व्याख्यान हातीं लागलें, त्यांत येशूनें भोगलेल्या दुःखांविषयीं कांहीं विधानें होतीं. निष्पाप अशा त्या पुरुषावरही केवळ मनुष्यजातींत व इस्राएलांत जन्मल्यामुळें ईश्वरी कोपाचे कांहीं परिणाम आले, असा त्यांचा रोख होता. यावरून पाखंडाचा आरोप झाला. न्यूटननें कांहीं चूक कबूल केली आणि तो प्लिमथ सोडून गेला. परंतु वाद गेला नाहीं.

१८४८ च्या पूर्वार्धांत न्यूटनच्या मंडळींतले दोघे जण ब्रिस्टलला आले आणि त्यांनीं बेथेस्दांत प्रवेश मागितला. त्यांची चौकशी झाली. त्यांचें स्वतःचें मत शुद्ध आहे असें आढळल्यावर त्यांना घेण्यांत आलें. डार्बीच्या बाजूच्या कांहीं सभासदांनीं हरकत घेतली. त्यांची मागणी अशी कीं, मंडळीनें न्यूटनचे लेख उघडपणें तपासावेत आणि त्यांवर निवाडा द्यावा. म्यूलर, क्रेक आणि त्यांच्याबरोबर काम करणारे आणखी आठ, अशा दहा जणांनीं जूनच्या अखेरीस एक पत्र सिद्ध केलें. दुसऱ्या गांवचें भांडण आपल्या गरीब, साध्या माणसांच्या मंडळींत कां आणावें? त्या लेखांची भाषा अवघड आहे. तीवर वाद सुरू झाला तर फळ कांहींच निघणार नाहीं. ज्यांना आपण प्रवेश दिला ते निर्दोष आहेत, एवढें पुरे आहे. असा त्या पत्राचा मतलब. ३ जुलै १८४८ रोजीं मंडळीची सभा भरली. पत्र वाचून दाखविण्यांत आलें, आणि मंडळीनें उभें राहून तें मान्य केलें. विरुद्ध पक्षाच्या वृत्तांतांत असें म्हटलेलें आहे कीं, प्रथम या दहा जणांना निर्दोष ठरवा, नाहींतर त्यांना तुमच्यांत काम करतां येणार नाहीं, असें लेख वाचण्यापूर्वींच सांगण्यांत आलें. शत्रूचा वृत्तांत जपूनच घ्यावयाचा असतो. पण क्रम तर निर्विवाद आहे. लेखांची तपासणी न होतां वडिलांवरील विश्वासाचा ठराव झाला.

या प्रसंगीं दहाही जणांचा हेतु स्वच्छ होता असें म्हणावयास हरकत नाहीं. घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं मुलांपासून भांडण दूर ठेवावें तसेंच त्यांना वाटलें असेल. पण १८३९ च्या कागदांत मंडळी हें मूल नव्हतें. शेवटचा निकाल तिच्यासमोर आणि तिचा म्हणून व्हावयाचा होता; येथें तिला निकाल तयार करून देण्यांत आला आणि उभें राहावयास सांगण्यांत आलें. एका पाळकाच्या जागीं दहा आले म्हणून मंडळीचा शब्द आपोआप मोकळा होत नाहीं. उलट दहांच्या एकमतापुढें बोलणें एकापुढें बोलण्यापेक्षां सामान्य माणसाला अधिक कठीण जातें.

पुढें जें झालें तें झपाट्यानें झालें. त्याच ऑगस्टांत डार्बीनें लीड्स येथून सर्व मंडळ्यांना एक पत्रक धाडलें: बेथेस्दाशीं संबंध ठेवील ती मंडळी पाखंडाची भागीदार. गांवोगांवच्या मंडळ्यांना बाजू घेणें भाग पडलें. नातेवाइकांत अन्नव्यवहार तुटावा तसें प्रभुभोजन तुटलें. येशूच्या मानवी देहाविषयीं क्रेकनें काढलेले कांहीं उद्गार उकरून त्याच्यावरही ठपका ठेवण्यांत आला. येथें एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. ज्या डार्बीच्या मतें मंडळींत नेमलेला अधिकारी कोणीच असूं नये, त्याच्या एका पत्रकानें समुद्रापलीकडच्या मंडळ्यांचीं दारें बंद झालीं. राजा नाहीं असें जाहीर केलें म्हणजे राजाज्ञा थांबते असें नव्हे. ती फक्त सही नसलेली होते.

बेथेस्दानें आपली चूक एका अर्थीं दुरुस्त केली. १८४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत मंडळीच्या एकामागून एक सात सभा भरल्या. ज्या लेखांना पूर्वीं हात लावावयाचा नव्हता ते तपासण्यांत आले, आणि त्यांतील मतांचें समर्थन करणाऱ्या कोणासही प्रवेश देऊं नये असें ठरलें. जून महिन्यांत जें काम मंडळीच्या आवांक्याबाहेरचें म्हटलें होतें, तें तिनें हिवाळ्यांत सात बैठकींत केलें. तेंच आधीं केलें असतें तर फूट टळली असती असें म्हणणें धाडसाचें होईल. डार्बी आणि न्यूटन यांची तेढ बेथेस्दानें उत्पन्न केलेली नव्हती. पण ब्रिस्टलच्या लोकांना घर सोडून जातांना, आम्हांला विचारलेंच नाहीं, हें म्हणावयास जागा राहिली नसती.

या कथेंत एक दहा मिनिटांचा प्रसंग आहे. १८४९ च्या जुलै महिन्यांत डार्बी स्वतः म्यूलरच्या भेटीस आला आणि, तुम्हीं आतां त्या लेखांचा निवाडा केला आहे, तेव्हां वेगळें राहण्याचें कारण उरलें नाहीं, असें त्यानें सांगितलें. म्यूलरनें पुष्कळ वर्षांनीं स्वतःच लिहून ठेवलें आहे कीं, आपणांस एक वाजतां महत्त्वाचें काम होतें आणि हातीं दहाच मिनिटें होतीं; आपण डार्बीस म्हटलें, या प्रकरणांत तुमचें वर्तन फार वाईट झालें आहे, एकत्र येण्यापूर्वीं पुष्कळ गोष्टी पाहाव्या लागतील. डार्बी उठून गेला. दोघांची पुन्हां भेट झाली नाहीं. म्यूलरचा राग रास्त होता. पण जो माणूस पेटीवरील नांवाच्या बाबतींत इतका सूक्ष्म विचार करी, त्यानें शेंकडों मंडळ्यांच्या सलोख्याचा प्रश्न घड्याळाकडे पाहून एकट्यानें निकालांत काढला. त्या उत्तरापूर्वीं त्यानें मंडळीला विचारलें नव्हतें. पंथाचे ‘बंदिस्त’ आणि ‘मोकळे’ असे दोन तट झाले ते कायमचे.

बेथेस्दाची मंडळी मोडली नाहीं. दोघे पाळक आणि त्यांच्या भोंवतीचे वडील आणखी सोळा-सतरा वर्षें एकत्र काम करीत राहिले. २२ जानेवारी १८६६ रोजीं क्रेक वारला. त्याच वर्षीं त्याच्या रोजनिशींतील व पत्रांतील उताऱ्यांचें एक पुस्तक निघालें. त्याची प्रस्तावना म्यूलरनें लिहिली. म्यूलर पुढें बत्तीस वर्षें जगला. सत्तरी गांठल्यावर, १८७५ पासून १८९२ पर्यंत, तो देशोदेशीं उपदेश करीत हिंडला. हिंदुस्थानांतही तो आला. एका पाळकाच्या मंडळीचा पाळक असा वर्षानुवर्षें बाहेर राहिला असता तर मंडळीनें एकतर दुसरा शोधला असता किंवा ती विस्कळित झाली असती. बेथेस्दांत शिकविणारे आणि सांभाळणारे अनेक होते, म्हणूनच त्याला बाहेर पडतां आलें.

या मंडळीचे धागेदोरे आपल्या देशापर्यंत येतात. म्यूलरची पत्नी मेरी ही अँथनी नॉरिस ग्रोव्हज याची बहीण. हा ग्रोव्हज मूळचा एक्सेटर येथील दांतांचा वैद्य. ठरीव पाळकावांचूनही ख्रिस्ती माणसांनीं एकत्र बसून प्रभुभोजन घ्यावें हा विचार ज्यांनीं प्रथम बोलून दाखविला त्यांत तो होता. चांगला चाललेला धंदा सोडून तो बगदादला गेला. तेथील प्लेगांत त्याची पत्नी वारली. १८३३ सालीं, पुढें गोदावरीवर धरण बांधणाऱ्या आर्थर कॉटनबरोबर, तो मुंबईस उतरला. त्याच्याच खटपटीनें १८३६ सालीं बौडन आणि बिअर हीं दोन कुटुंबें इंग्लंडहून निघून गोदावरीच्या मुखाकडील प्रदेशांत गेलीं. आपल्या त्र्यंबकेश्वरीं उगम पावणारी ही नदी जेथें समुद्रास मिळते, त्या तेलुगू मुलखांत वडिलांच्या हातीं चालणाऱ्या अशा मंडळ्या आजही आहेत. डार्बीला फूट पडण्याच्या बारा वर्षें आधीं, चुका शोधून त्यांवर एकी उभारूं नका, असा इशारा पत्रानें देणारा हाच ग्रोव्हज. तो १८५३ सालीं ब्रिस्टल येथें म्यूलरच्याच घरीं वारला.

महाराष्ट्रांत म्यूलरचें नांव पोंचलें तें अनाथगृहांमुळें. पंडिता रमाबाईंनीं १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनांत, ज्या तीन पुस्तकांनीं आपल्या मनावर परिणाम केला त्यांत म्यूलरच्या आत्मवृत्ताचा निर्देश केला आहे. ठरीव उत्पन्नावांचून शेंकडों मुलांना अन्न मिळूं शकतें, हें त्यांनीं त्यांत वाचलें. आणि केडगांवच्या मुक्तिसदनांत तसें करून पाहिलें. त्याच पुस्तकांत, अनाथगृहाच्या हिशेबांच्या अलीकडे, क्रेकविषयींची ती नोंद आहे, पंधरा दिवसांची ती उत्तरें आहेत, आणि नांवें काढून टाकलेल्या त्या पेट्याही आहेत.